लाल दिवा

नेइआफू, व्हावाऊ

प्रिय फिनाऊ,

ऑकलंडमधल्या आपल्या म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती रेडिओवर लावायच्या आहेत, तर कोणता रेकॉर्डर घेऊ, असं तू विचारलंस. महिनाभर उत्तर दिलं नाही, रागावला असशील. नाव बघून भुलू नकोस. साध्या पेन्सिल सेलवर चालणारा, बाहेरचे दोन माइक लागणारा घे. म्हातारी कधी एकटी बोलत नाही, शेजारची बहीण चुका काढतेच. दुसरा माइक तिच्यासाठी. वाऱ्यासाठी माइकला केसाळ टोपी हवीच. ती बघून तुझ्या आईने विचारलं होतं, हे मेलेलं मांजर कुणाचं?

आणि पहिल्या दाबालाच रेकॉर्डिंग सुरू होईल असा घे. आपल्या रेडिओ स्टेशनवरचं जुनं कॅसेटचं यंत्र तसंच होतं. नवा रेकॉर्डर मीच हट्टाने आणला. त्याचं बटण एकदा दाबलं की लाल दिवा लुकलुकतो, हेडफोनमध्ये आवाज येतो, काटे नाचतात. पण रेकॉर्डिंग दुसऱ्यांदा दाबल्यावर सुरू होतं. माहितीपत्रक वाचायला मला कमीपणा वाटला.

तुझ्या आईकडे गेले तेव्हा मागच्या पडवीत सहा बायका झाडाच्या साली कुटून ङातूचं कापड करत होत्या. त्या ठकठकीत मुलाखत कशी घ्यायची? तुझ्या आईने हात वर केला आणि सगळ्यांनी मोगऱ्या खाली ठेवल्या. तासभर त्या मांडीवर हात ठेवून बसल्या, साल वाळत गेली. तू जन्मलास त्या वादळाची गोष्ट तिने सांगितली. मी एकदाच बटण दाबलं होतं.

स्टेशनवर येऊन बघितलं तर रेकॉर्डरमध्ये काहीच नाही. तू तिकडे सगळ्या चर्चला सांगून ठेवलं होतंस की रविवारी आईला ऐका. तुझा फोन आला आणि माझी जीभ कशी वळली कोण जाणे. मी म्हणाले, तिचा आवाज फार खरखरीत आहे, प्रसारणाच्या दर्जाचा नाही. तू ते खरं मानलंस. मग आईलाही तेच सांगितलंस. तू तरी दुसरं काय सांगणार?

आठवड्याने मी पुन्हा गेले. तिने मला सूरण आणि नारळाच्या दुधात शिजवलेल्या अळूच्या पानांचं लू वाढलं, पोटभर खाऊ घातलं. रेकॉर्डर काढला तेव्हा म्हणाली, "राहू दे पोरी, माझा आवाज घरापुरताच बरा." त्या रविवारपासून ती चर्चच्या गाण्यात पुढची ओळ सोडून मागे उभी राहू लागली. शेवटपर्यंत. मी दर रविवारी ते बघत होते आणि तोंड उघडत नव्हते. मला माझी लाज वाटते, फिनाऊ.

ती गेली तेव्हा गावात मोगऱ्या पुन्हा थांबल्या. त्या शांततेतही मी तुझ्याशी बोलले नाही. परवा तुझं पत्र पुन्हा वाचलं. तू लिहिलंयस, "आईसारखा खराब आवाजही नीट पकडेल असा सांग, इथल्या कुणाला परत पाठवायचं नाही मला." तसा रेकॉर्डर शोधू नकोस. तिचा आवाज स्वच्छ होता. तासभर हेडफोन लावून मी तो ऐकला, माझ्याशिवाय तो कुठेच उरलेला नाही. वादळाची गोष्ट आठवते तेवढी सोबतच्या कागदांवर लिहिली आहे. हे पत्र तुझ्या चर्चमध्ये सगळ्यांसमोर मोठ्याने वाच, माझ्या नावासकट.

क्षमा मागायचं तोंड नसलेली, तरी तुझीच,
लेसिएली