वरच्या पडीतला खराबा

४ मार्च
वरच्या पडीतल्या तीन ऐनांची साल बुंध्याशी गोल सोलली आहे. झाड उभ्याउभ्या वाळवायचं आणि मग 'वाळलेलंच होतं' म्हणून पाडायचं. काम धाकट्या दिरांचं, विलासभावजींचं. ओरडले तर घर फुटेल, गप्प बसले तर सगळा उतार बोडका होईल. म्हणून लिहिते आहे.

५ मार्च
विचारलं. नाकारलं नाही. फौजेतला माणूस, खोटं बोलत नाही. तेवढं एक.
"पोरगं पुण्याची नोकरी सोडून आलंय. त्याला वर आल्याची लागवड करून देतो. पाणी हाय की आता."
पाणी आहे, कारण उसाला ठिबक केलं. माझा हट्ट. सगळ्यांशी भांडून केलं.
"वहिनी, पाणी तुमीच वाचवलं. आता ते काय हंड्यात भरून ठेवायचं?"
मी रिकामा हंडा उचलून विहिरीवर गेले. मी म्हणे वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं.

८ मार्च
भावजी सातबारा घेऊनच आले. पडीपुढे 'पोटखराबा'.
"सरकारनंच खराबा लिवलंय. मी खराबा काढतोय, बाग न्हाई."
म्हटलं, खराबा म्हणजे वाईट नव्हे, नांगर लागत नाही ती जमीन. झाडं गेली की तिथला मुरूम पावसात थेट आपल्या विहिरीत. मग ठिबकच्या नळ्यांतून काय सोडणार, चिखल?
कमल, माझी जाऊ, भाकरी थापत होती. "आक्का, नांगर लागत न्हाई तो खराबा? मग आमचं हे बी पोटखराबाच की. सकाळधरनं कशाला हात लावला न्हाई."
भावजीही हसले. मीही. राग तिथेच सांडला. बरं झालं नाही.

१० मार्च
शेणमाती कालवून सोललेल्या जागी लिंपली. वर गोणपाट. कमल मागून आली.
"आवं आक्का, झाडाला पट्टी?"
मग तिनेच दुसरं टोक धरलं. "ह्यास्नी सांगू नका."
एका ऐनाला बोटभर सालीची पट्टी शिल्लक आहे. ते कदाचित. बाकी दोन... ऐनाची पानं या दिवसांत तशीही गळतात. मेलं, की नुसतंच निष्पर्ण, ते पाऊस पडेपर्यंत कळायचं नाही.

१४ मार्च
कराड. शेतीखात्यातल्या साहेबांना ठिबकचं सांगितलं. खूश. "छान! क्षेत्र किती वाढलं?"
वाढवायचंच नव्हतं, म्हटलं.
"मग बचत कशासाठी केली, बाई?"
भावजींचाच प्रश्न, फक्त शुद्ध भाषेत. परतीच्या एस.टी.त जागा असून बसवेना. उभीच आले.

१७ मार्च
हे गेल्यापासून वाटण्या तोंडीच. खालचा तुकडा माझा. तिथला ऊस तुटून गेला आहे, बुडख्यांतून पुन्हा फुटणारा खोडवा मी ठेवणार होते. भावजींना म्हटलं, खोडवा मोडा, पोराला तिथे आलं लावू द्या.
"खाली पाणी साचतं. आलं कुजंल."
"गादीवाफे करा. चर काढा."
"आन् तुमी काय खाणार?"
"ते मी बघेन. वरच्या पडीला हात लावायचा नाही."
मिशी ओढली. "बघू."
बघू म्हणजे काय? यांना भावाचं 'बघू' कळायचं. मला नाही.

१९ मार्च
बघूच. दोनदा वर जाऊन आले. नवं झाड सोललेलं नाही. सोलायचं थांबलं, की हात रिकामा नाही म्हणून?

२१ मार्च
आज दिलं. विलासभावजींना: खालच्या तुकड्याचा ताबा, आलं निघेपर्यंत. विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीची किल्ली. ठिबकचा फिल्टर धुवायचं सगळं, स्वतः करून दाखवून. कमल साक्षीला.
त्यांच्याकडून: कुऱ्हाड मागितली.
"ती ऱ्हाऊ द्या, वहिनी. जळणाला लागती."