मोहाखालची झाडलेली जमीन

शहादा, एप्रिल १९५८, सोमवार संध्याकाळ

मोहफुलांच्या चोरीची बातमी टपालात टाकून आलो. आरोपी सुटला, बरं झालं. तरी ती झाडलेली जमीन डोळ्यांपुढून हलत नाही.

डोंगरातला रुमाल्या पंधरा दिवस कोठडीत होता. एका शेतकऱ्याने नव्याने घेतलेल्या शेतातली मोहफुलं त्याने वेचली, हा गुन्हा. डोंगरात मात्र मोहाची झाडं घराण्यांची असतात. जो खालचा पाला झाडतो, झाड त्याचं. आज सकाळी मॅजिस्ट्रेट रुमाल्याला आणि शेतकऱ्याला घेऊन जागा पाहायला गेले, सोबत कोर्टाचा कारकून आणि मी. इतर मोहांखाली घोटाभर पाला. याच्या मोहाखाली अंगणासारखं स्वच्छ.

"कोणी झाडलं?" साहेबांनी विचारलं.

"आम्ही नही, साहेब," शेतकरी म्हणाला.

"मन्ही माय झाडस," रुमाल्या म्हणाला.

कारकून हसला. "तुन्ही माय त मरी गयी ना रे?"

"मरी गयी. पन झाड तिन्हंच शे."

घरात त्याला दुसरं कोणी नाही. मग कोण?

दुपारी कोर्टात साहेब म्हणाले, झाड कायद्याने कोणाचंही असो, हा ते मनापासून आपलंच समजतो. मग चोरीचा हेतू कुठे? सोडून दिलं.

बातमीत एवढं लिहिलं. एक गोष्ट नाही लिहिली. वारा नव्हता. त्या मऊ मातीत आम्ही पाच जण उभे होतो. बांधावर चढून मी मागे पाहिलं, तर आमच्या पायांचा एकही ठसा तिथे नव्हता.