पारोळ्यापर्यंत

१२ नोव्हेंबर
मालिका पुन्हा सुरू केली. वहिनी आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, धुळ्याला माहेरी गेली, तेव्हा पहिला सीझन अर्धा झाला होता. दुपारी भांडी आवरली की आम्ही दोघी बघायचो. तिच्याशिवाय पुढे बघणं चोरीसारखं वाटलं, म्हणून थांबले होते. ती आखाजीनंतर परत आलीच नाही.
आज तिचाच मेसेज. इतक्या महिन्यांत पहिला. "माझे चार सीझन झाले. तू कुठे?"
मी : "पहिला. भाग पाच."
"अगं बाई! कासव."
शेवटचा सीझन जानेवारीत येतोय, तोपर्यंत मी तिला गाठायचं. पुढचं तिने सांगायचं नाही, असं ठरलं.
दादाला बोलले नाही. लपवलं असं नाही, त्याने विचारलं नाही. (हा फरक खरंच आहे का?)

१५ नोव्हें.
पहिला संपला. मालकाच्या खुनात ड्रायव्हरला जन्मठेप, वकीलबाई हरली. व.ला लिहिलं, ड्रायव्हरनेच केलं ना? ती : "बरं."
नुसतं बरं. म्हणजे त्याने केलेलं नाही. तिला काही लपवता येत नाही.
आई वांगी भाजत होती. "कोणाशी हसतेस गं?" म्हटलं, मालिका. खरंच होतं ते.

२१ नोव्हें.
दादाने कोर्टात दावा लावलाय, बायकोने नांदायला यावं म्हणून. आज त्याचे वकील घरी आले.
तिकडचे म्हणतात, जावई सोडायलाही आला नाही, पोरीला बसमध्ये बसवून दिलं. घ्यायलाही कोणी आलं नाही, मग पाठवायची कशी? दादा म्हणतो, गेली तशी येईल. सहा महिने दोन्ही घरं एवढ्यावर बसली आहेत.
वकील आबांना म्हणाले, "जूनमध्ये तुम्ही सुनेला आणायला गेला होता ना?"
आबा : "निघालो होतो. रेणू होती संगे."
सगळे माझ्याकडे बघायला लागले.
निघालो होतो, हे खरं. गाडीत सावद्याच्या मळ्यातली केळी, आईने व.साठी दिलेली साडी. धुळ्याच्या वाटेवर पारोळ्याला चहाला थांबलो. तिथे दादाचा फोन. "तुम्ही तिच्या दारात गेलात तर मी घरात राहणार नाही." आबांनी कपातला चहा संपवला आणि गाडी वळवली. केळी मग आम्हीच खाल्ली.
वकील : "निघालात ना? मग गेलातच. गेलो, ती आली नाही. एवढंच बोलायचं, ताई."
माझी साक्ष फेब्रुवारीत.

३० नोव्हें.
दुसरा संपला. ज्या खिडकीतून पाहिलं असं साक्षीदार म्हणाला, ती खुनाच्या आधीच विटा लावून बुजवलेली! ड्रायव्हर निर्दोष. व.ला लिहिलं, तुला माहीत होतं.
"सांगायचं नाही ठरलेलं. मी शब्द पाळते. तुमच्या घरासारखं नाही."
लगेच पुसलं तिने. पण मी वाचलं होतं.

८ डिसेंबर
सावद्याला मळ्यात भरीत. काका दादाला सगळ्यांपुढे म्हणाले, "काय रे भाऊ, कोर्ट बायको घरपोच देतं का आता?" हशा. दादाही हसला. नंतर ताटाकडे बघत मला म्हणाला, "तिला हा वास सोसायचा नाही. तोंडाला ओढणी लावून पळायची."
मी त्याला भाकरी वाढली. काही बोलायला हवं होतं का?

१७ डिसें.
तिसरा. धाकटी बहीण साक्षीला उभी राहते. एक शब्द खोटा नाही तिचा. विचारलं तेवढंच सांगते, आणि एक माणूस त्यात बुडतो. मध्येच बंद केलं.
शाळेच्या आधी मला आबांनीच घरी शिकवलं. पाटी, पाढे आणि गोठा. गोठ्यात पाठवायचे, मग विचारायचे, काय पाहिलंस?
"गाय आजारी आहे."
"आजार पाहिलास?"
"नाही. बसलेली पाहिली."
"मग तेवढंच बोल."

२६ डिसें.
आबा पेपर वाचत होते. विचारलंच, "आबा, आपण गेलो होतो का?"
त्यांनी पेपर खाली घेतला. मग म्हणाले, "पारोळा आपल्याच जिल्ह्यात येतं."
एवढंच. पेपर पुन्हा वर धरला. उलटा नव्हता, पण वाचतही नव्हते.

४ जानेवारी
चौथा संपला. व.ला गाठलं. शेवटी वकीलबाई स्वतःच पिंजऱ्यात उभी, प्रश्न विचारला जातो आणि पडदा काळा.
व. : "काय बोलेल गं ती?"
मी : "खरं."
"खरं हवंय कोणाला?"
"आम्ही पारोळ्यापर्यंत आलो होतो" असं टाइप केलं. पुसलं. ते सांगितलं की दादाचा फोनही सांगावा लागतो. अर्धं सांगायचं नाही. मग पूर्ण सांगायचा हक्क मला आहे का?

१४ जाने.
दादा अचानक म्हणाला, "शेवटचा सीझन कधी येतोय?"
मी गारच.
"माझ्याच खात्यावर बघते ती. कुठपर्यंत आली ते दिसतं मला. चौथ्याचा शेवटचा भाग पुन्हा पुन्हा लावते."
"मग पासवर्ड बदलला नाहीस?"
त्याने पाण्याचा ग्लास बाजूला सरकवला.
म्हटलं, मी कोर्टात पारोळा सांगणार.
"फोनचं पण?"
"हो."
"त्यांनी नाही विचारलं तर?"
"तरी."
नखाने टेबलावरचा डाग खरवडत बसला. उठताना म्हणाला, "मग कोर्टाला कशाला आधी. तिला सांग."
रागाने की कशाने, कळलं नाही.

१७ जाने., धुळे
सकाळच्या एस.टी.ने आले. आईने तीच साडी पिशवीत घातली. आबा म्हणाले, "एकटी?" आणि चष्मा शोधायला लागले. डोळ्यांवरच होता.
स्टँडवर सोडायला दादा आला. बस हलेपर्यंत खिडकीखाली उभा. पारोळ्याला बस थांबली. मी उतरले नाही.
दार व.च्या आईने उघडलं. "एकलीच उनी का बेटा? मांगे कोनी नही?" माझ्या मागे अजून कोणी आलंय का म्हणून गल्लीत बघत राहिल्या.
व. आत, हातात रिमोट. वाळलीय. "घ्यायला आलीस की बघायला?"
म्हटलं, आधी पारोळ्याचं ऐक. सगळं सांगितलं. गाडी, साडी, चहा, दादाचा फोन. काही सोडलं नाही.
तिने रिमोट मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "केळी काय केलीत?"
"खाल्ली."
"सगळी?"
"सगळी."
तिने तोंडाला ओढणी लावली. हसत होती की रडत होती, ते पाहिलं नाही. ओढणी पाहिली. आणि आजच आलेल्या शेवटच्या सीझनचा पहिला भाग लावला तेव्हा पडद्यावर खात्यावरचं दादाचं नाव आलं, ते तिने माझ्याआधी पाहिलं.