पखालीतली हवा

इंदापूर
१९ ऑक्टोबर १९९७

प्रिय रवी,

तुझा फोन आला तेव्हा स्टँडजवळच्या बूथवर इतकी गर्दी होती की मी नुसतं ‘बरं, बरं’ म्हणत राहिले. शेजारच्या फोनवर एक ट्रकवाला सोलापूरला कुणावर तरी खेकसत होता. तुला वाटलं असेल, आक्का ऐकतच नाहीये. ऐकलं मी सगळं. पावसाळा संपला, समुद्रातलं काम पुन्हा सुरू होतंय, या खेपेला बरंच खोल जायचंय, तेव्हा पाठीवर बांधायची ती हवेची पिशवी, तुझी विंग, एस.टी.च्या पार्सलनं लवकर पाठव. पण मला जे बोलायचं होतं ते चार लोकांत ओरडून सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून हे पत्र लिहिते आहे. शांतपणे वाच. नेहमीसारखं पहिल्या चार ओळी वाचून खिशात घालू नकोस.

आईचा डोळा आता छान आहे. ऑपरेशनची पट्टी सुटल्यापासून तिला घरातली जळमटं दिसायला लागलीत, त्यामुळे माझी काही खैर नाही. तुझी विंग मधल्या खोलीत खुंटीला आहे. आई तिला अजून पखालच म्हणते. पखालीत पाणी असतं आणि हिच्यात हवा असते, हे सांगून मी थकले. ती म्हणते, “पाटीवर घ्यायची ती पखालच की गं. रानात जानाऱ्यानं पानी न्ह्यावं, पान्यात जानाऱ्यानं वारं न्ह्यावं, त्यात काय येवढं?” आता हिला काय सांगणार! मीही मनातल्या मनात पखालच म्हणते हल्ली.

परवा रानात गेले होते. विहीर काठोकाठ भरली आहे. आबांना लहानपणी गावच्या विहिरीत पोहरा टाकायची बंदी होती, हे त्यांनी आपल्याला एकदाच सांगितलं, पण स्वतःच्या विहिरीला पाणी लागलं तेव्हा त्यांचा पहिला हुकूम काय होता ते आठवतं? माझी दोन्ही पोरं पोहली पाहिजेत, पोरगीसुद्धा. मी शिकले, आणि मग तुझी जबाबदारी माझ्या गळ्यात पडली. तू तर पाण्याला असा भ्यायचास की पाठीला डालड्याचा रिकामा डबा बांधल्याशिवाय पायरी सोडायचा नाहीस. डबा सोडायचा म्हटलं की भोकाड पसरायचास. शेवटी मी युक्ती केली. रोज झाकण उघडून डब्यात थोडं पाणी ओतायचं आणि गुपचूप बांधायचा. डब्यातली हवा कमी होत गेली, तुझे हातपाय जोरात चालायला लागले, आणि ज्या दिवशी डबा पार भरला त्या दिवशी तू तेवढं ओझं पाठीवर घेऊन विहिरीला फेरी मारलीस! कळल्यावर मला चावलास ते वेगळं. त्याची खूण अजून आहे मनगटावर.

नेव्ही सोडून तू ठेकेदाराकडे लागलास आणि पहिल्यांदा ही विंग घेऊन आलास, तेव्हा तूच म्हणाला होतास, आक्का, हा तुझाच डबा. मला अंगणात बसवून सगळं समजावलंस. खाली जाताना पाणी माणसाला दाबतं, म्हणून सिलिंडरमधली थोडी हवा विंगेत घ्यायची. वर येताना तीच हवा आपोआप फुगते. म्हणून डाव्या खांद्यावरची नळी डोक्याच्या वर धरायची आणि टोकाची कळ दाबून हवा थोडी थोडी सोडत यायचं. नाही सोडली तर ती माणसाला ओढत वर नेते, आणि असं झटक्यात वर येणं म्हणजे छाती फुटायचं काम. नळीला कळा दोन, एक सोडायची, एक भरायची, अगदी जवळजवळ. मी मास्तरीणबाईसारखं विचारलं होतं, चुकून दुसरी दाबली तर? तू हसून म्हणालास, बोटांना कळतं.

आता मे महिन्याचं बोलू. पळसदेवला धरणाचं पाणी पार खाली गेलं होतं, देवळाचं शिखर उघडं पडलं होतं, आणि पंपाचा फूटव्हॉल्व्ह गाळात रुतला म्हणून तू उतरलास. तिथंसुद्धा मधे पाच पुरुष पाणी होतं. म्हस्कूच्या होडीत दोर धरून मी बसले होते. दोर एकाएकी ढिला पडला. मी गोळा करतेय तोवर होडीच्या पलीकडच्या अंगाला तू बाहेर आलास, कमरेपर्यंत पाण्याच्या वर! म्हस्कू म्हणाला, “आरारा, मासा उसळल्यावानी आला की ह्यो!” विंग टम्म फुगलेली, नळी तुझ्या डाव्या हातात वर धरलेली, बोट कळेवर, आणि कुठून तरी हवेचा फुसफुस आवाज येत होता. नाकातून रक्त येत होतं आणि तू हसत होतास. म्हणालास, काही नाही, कळ गाळानं अडकली, मी हवा सोडत होतो पण सुटतच नव्हती. माझ्या हातातला दोर संध्याकाळपर्यंत सुटला नाही, आणि तू घरी येऊन दोन भाकरी खाल्ल्यास. जाताना विंग माझ्याकडे ठेवलीस. म्हणालास, दुरुस्त करून ठेव.

मी हायवेवरच्या पंक्चरवाल्याकडे नेली. त्यानं ती टबात बुडवली, भरली, सोडली, पुन्हा भरली. शेवटी कंटाळून म्हणाला, “बाई, हिला कायबी झालं न्हाय. भरतीया बी आन सोडतीया बी. नुसती धुवून ठिवा.” मला बरं वाटलं. म्हटलं, गाळ होता तो निघून गेला. त्यावर मी जास्त विचार केला नाही.

मग सप्टेंबरात आईच्या ऑपरेशनला तू आलास. कपबशीऐवजी मी स्टीलच्या पेल्यात चहा दिला, उकळता. मला पदरानं धरावा लागला आणि तू डाव्या हातात तसाच घेऊन म्हस्कूशी गप्पा मारत उभा. दुसऱ्या दिवशी बोटांवर फोड. म्हणालास, दोर घासला. आणि ऑपरेशननंतर तिला पुन्हा दाखवायला दवाखान्यात निघताना सदऱ्याच्या गुंड्या तू आईपुढे धरल्यास. तिच्या एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यानं धड दिसत नाही, पण तिनं चाचपून चाचपून सगळ्या लावल्या. केवढी खूश झाली होती! दवाखान्यातल्या बाईला सांगत होती, “येवढा मोटा झाला, पर माझ्याबिगार गुंड्या न्हाय लागत त्याच्या.” सगळे हसले. मीही हसले, रवी. तू मात्र खिडकीबाहेर बघत होतास.

तुझ्या फोननंतर मला झोप लागेना. गेल्या रविवारी विंग आणि तू ठेवलेला जुना सिलिंडर घेऊन मी विहिरीवर गेले. दोर धरायला म्हस्कूची बायको झुंबर होती. ती म्हणाली, “बाई, शाळा शिकीवता शिकीवता डोस्कं फिरलं का काय तुमचं?” मी साडीचा काचा मारून पायरीवरून गळ्याएवढ्या पाण्यात उतरले. तू शिकवलंस तशी नळी जोडली, हवा भरली, नळी वर धरून सोडली. दहा वेळा केलं असेल. कळ एकदाही अडकली नाही. मग पाण्याखालच्या पायरीवरचा गाळ काढून कळेला फासला. तरी नाही अडकली. मग मी झुंबरला माझी डाव्या हाताची बोटं फडक्यानं जाड गुंडाळून वर सुतळी बांधायला सांगितली. डोळे मिटले, नळी वर धरली आणि कळ दाबली. मला वाटलं, हवा सोडतेय. अगदी खात्रीनं वाटलं. आणि विंग माझ्या पाठीवर फुगत गेली, पायरी पायाखालून सुटली, आणि आत मावेना तेव्हा जादा हवा फुसफुसत बाहेर पडायला लागली. तोच आवाज होता. होडीत ऐकलेला.

मी पायरीवर बसून खूप रडले. झुंबरला वाटलं, नाकात पाणी गेलं.

विंगेला काही झालेलं नाही, रवी. तुझ्या बोटांना कळायचं बंद झालंय. पळसदेवला तू हवा सोडत नव्हतास, भरत होतास, आणि ते तुला माहीत आहे. मला तुझा राग आलाय, भयंकर राग आलाय. ठेकेदाराला समजलं तर काम जाईल, पाण्याखालच्या कामाशिवाय तुला दुसरं काही येत नाही आणि आवडतही नाही, हे मला समजतं. आबांनी अख्ख्या वाडीला तुझा नेव्हीतला फोटो दाखवला होता, तेही आठवतं. पण आई ऑपरेशनच्या टेबलवर जायला भीत होती तेव्हा तिला धीर देणारा तू, आणि स्वतःचा हात घेऊन डॉक्टरसमोर बसायला तुला इतकी भीती वाटावी? एक मात्र माझ्या ध्यानात आलंय. विंग दुरुस्त करायला मुंबईत माणसं कमी होती का? तू ती माझ्याकडे ठेवलीस. जिनं तुझा डबा रोज उघडून पाहिला तिच्याकडे. कुणीतरी ओळखावं असं तुला वाटत होतं ना? नसेल वाटलं तर नसो. मी ओळखलंय. आईला अजून काही सांगितलेलं नाही.

तर या पार्सलात विंग नाही. कागद सोडलास की पांढरा सदरा निघेल, इथल्याच टेलरकडून शिवून घेतलाय. गुंड्या बारीक आणि काजं घट्ट, मीच तशी सांगितली. खोलीचं दार लाव, डोळे मीट, उजवा हात पाठीमागे घे आणि एकट्या डाव्या हातानं गुंड्या लाव. मी करून पाहिलं, आईलाही गंमत म्हणून करायला लावलं. वेळ लागला, पण दोघींना जमलं. तुला जमलं तर बूथवर फोन कर. मी पहिल्या गाडीनं विंग घेऊन मुंबईला येईन, तुझे पाय धरीन आणि पुन्हा कधी एक शब्द बोलणार नाही. नाही जमलं, तर तसाच, उघड्या सदऱ्यानं, मिळेल ती एस.टी. पकड. बारामतीला नसांचे डॉक्टर बसतात, त्यांच्याकडे मी तुझं नाव लिहून आले आहे. इंदापूरच्या स्टँडवर मी उभी असेन. गुंड्या मी लावीन.

तुझीच,
आक्का