संयोगिताच्या गळ्यावरचा निळा

४ मे, शिराळा
पोचले एकदाची! विश्रामबागेतून निघाले तेव्हापासून रंगांची पेटी मांडीवर, पण मजा आली. हंबीररावांचा बंगला उसाच्या कडेला, खोली ऐसपैस, उत्तरेचा उजेड. त्यांच्या गेलेल्या सुनेचं, संयोगिताचं चित्र काढायचंय. गेल्या साली उसात साप चावला म्हणे. आता मुलगा वीरधवल दुसरं लग्न करतोय. नवी नवरी पल्लवी हळदीआधी तसबिरीला कुंकू लावणार, अशी या घरची रीत. हंबीररावांनी बजावलं, रंग गोरा पायजे, ब्रशचे फटकारे दिसायचे न्हाईत, आन् गळ्यात घट्ट ठुशी. फोटोत तर गळा मोकळाच आहे. असो, हौस त्यांची.

७ मे
म्हणे गोरा! एवढं गुळगुळीत हवं तर फोटोच टांगा की! ही सावळी होती, सावळीच शोभते. गेरू, पिवळी माती, हनुवटीखाली सावलीला जरासा हिरवा. फटकारे उघडे ठेवले तसा गाल जिवंत झाला. स्वयंपाकाच्या राहीबाई बघून रडल्याच. आवं, अश्शीच हुती पोर, म्हणाल्या.

९ मे
सकाळी गळ्यावर निळं. मी निळा लावलेलाच नाही. खरवडलं, वर गेरू चढवला. दुपारी पुन्हा तेच. एका बाजूला चार फटकारे, दुसऱ्या बाजूला एक. माझ्या ब्रशचे नव्हेत. बोटाएवढे रुंद.

११ मे
साप कुठं चावला, विचारलं. पायाला, म्हणाल्या राहीबाई, आणि पदर तोंडाला लावून गेल्या.
पायाला! मग ठुशी कशाला रे थेरड्या? गळ्यावरचे वळ माझ्या हातानं झाकायचे होते होय? तळपायाची आग मस्तकात गेली.

१२ मे
हंबीरराव पाठीशी उभे राहिले, माझ्याकडून चित्रात ठुशी रंगवून घेतली. खूश. स्वतःच वर कापड टाकलं. मला राहवलं नाही, पल्लवीला सगळं सांगणार, असं मी त्यांना म्हणाले.
बाहेरून कडी. मोबाइलही नेला.

१३ मे
कापड उचलून बघितलं. ठुशीचं सोनं ओघळून गेलंय. गळा उघडा. शाब्बास गं बाई!
माझा गळा दुखतोय. आरशात — चार इकडं, एक तिकडं. टर्पेंटाइननंही निघत नाही.

१४ मे, हळद
तसबीर झाकलेलीच मांडवात नेली. कापड पल्लवीच काढणार —
सनई थांबली. कुणीतरी किंचाळलं. पल्लवीच! बघ पोरी, नीट बघ, हाच तो साप —
कडी वाजली. वीरधवल. अंगाला हळद, पण बोटं — निळी, ओली —
आवाज फुटत ना