किडनीचा रकाना

४ एप्रिल २०१६
गंगापूरची सायली आजपासून अँजिओग्राफी सेंटरात टेक्निशियन! नव्या वसाहतीतली इमारत, एसी एकदम थंडगार. शहागंजातून पेढे आणून सगळ्यांना वाटले. सुईतून डाय, म्हणजे तपासणीचं रंगद्रव्य, सोडला की स्क्रीनवर रक्तवाहिन्या पांढऱ्याशुभ्र उमटतात, कुठं अडलंय ते कळतं. तो डाय पुढं किडनीनं गाळून टाकायचा असतो. म्हणून डॉक्टर नीरजामॅडमचा एकच नियम, किडनीचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय सुई लावायची नाही. एवढं कळतं मला, मॅडम, असं तोऱ्यात सांगून आले.

११ एप्रिल
फुलंब्रीकडच्या मनकर्णाबाई आल्या. पायाचं बोट काळं पडलेलं. रिपोर्ट यायचा होता. मुलगा सांडू सारखा घड्याळ बघत होता. चारला गावात टँकर, चुकला तर चार दिवस पाणी नाय, म्हणाला. मलाही रांग उरकायची होती. किडनीच्या रकान्यात 'नॉर्मल' लिहिलं आणि सुई लावली. जाताना, डाय निघून जायला रोज तीन लिटर पाणी पाजा म्हटलं, तर सांडूभाऊ हसले. घरात माणशी दोन तांबे मिळतात म्हणे.
पाचला रिपोर्ट आला. लई वाईट होता. फोन करायला हवा होता. नोकरीला भ्याले.

१६ एप्रिल
मनकर्णाबाई गेल्या. लघवीच बंद झाली होती. सांडूभाऊ सांगायला आले आणि माझ्यासमोर रडले. "ताई, मायच्या वाटचं पाणी मी पिलो. माझ्यामुळंच गेली."
मी मान खाली घातली. रिपोर्टचं सांगितलं नाही. थू माझ्या जिण्यावर.

१९ एप्रिल
आज एका आजोबांना डाय द्यायच्या आधीच वाहिन्या पांढऱ्या दिसल्या. त्यांच्यानंतरच्या बाईंनाही. मॅडमना काहीच दिसेना. दोन्ही चित्रं सारखी, पायाच्या त्याच बोटापाशी अडलेली. ते बोट मी ओळखते.

२० एप्रिल
यादीत पहिलं नाव मनकर्णाबाईंचं. खोडलं. दुसरंही तेच —
कालपासून मला लघवी नाही.

२१ एप्रिल
भरदुपारी मशीनची खोली रिकामी. तरी तिथल्या माईकवरून थकलेला आवाज, "पोरी, रिपोर्ट आला का?"
आवाजात राग नव्हता. तेच सोसवत नाही —

२२ एप्रिल
पुन्हा तो आवाज. "माझ्या सांडूनं पाणी सोडलंय. त्याला खरं सांग की."
फोन केला. त्यांची बायको म्हणाली, खरंय, परवापासून थेंब घेतला नाय. सांडूभाऊ फोनवर आले. माझा आवाज फुटेना. नुसती हवा —
मनगटाच्या शिरा पांढऱ्या झाल्यात. बोटं वळेनात. लिहूनच —
सांडूभाऊ, पाणी प्या. तुमचा दोष नाही. रिपोर्ट आला नव्हता, तरी मी