राहीआत्यास, नाळेतल्या रक्ताची हकीकत

कोपरखैरणे,
१६ नोव्हेंबर १९९७

ती. राहीआत्यास,

हौसेरावचा दंडवत. (साष्टांग घालायला गेलो तर पाय शेजाऱ्याच्या ओट्यावर जातात, एवढीच आमची खोली, म्हणून मनातून घातला आहे, मानून घ्या.) तुमचे गुडघे, काळी म्हैस आणि तुमचा राग, तिघांची तब्येत कळवा. पहिली दोन बरी असोत, तिसरा उतरलेला असो. राग कशाचा ते मला ठाऊक आहे. तुमचा भाचा नव्या मुंबईत बाळंतिणींचं रक्त गोळा करतो, असं कुणीतरी तुमच्या कानावर घातलं. आत्या, साफ खोटं आहे. म्हणजे रक्त आणतो हे खरं, पण बाळंतिणीचं नाही, बाळाचं. (थांबा, पत्र फाडू नका, पुढं वाचा.)

तुम्ही चाळीस वर्षं गावची बाळंतपणं केलीत. नाळ कापली, वार पडली, की परसात खड्डा घेऊन पुरली. त्या वारेत, बाळ वेगळं झाल्यावरही, अर्धी वाटी रक्त शिल्लक राहतं. मी ज्या प्रयोगशाळेची गाडी चालवतो तिथल्या प्रियदर्शिनी मॅडम म्हणतात, त्यात रक्ताचं बियाणं असतं. एकेक दाणा असा, की त्यातून तांबडं, पांढरं, सगळ्या जातीचं रक्त उगवावं. ज्याचं रक्त आजारानं नासलं त्याच्यात हे पेरता येतं. पण अर्ध्या वाटीतलं बियाणं लहान लेकराला पुरतं, मोठ्या माणसाला पुरत नाही. म्हणून ते काचेच्या ताटलीत वाढवता येईल का, हे मॅडम बघतात. तुम्ही किती वाट्या मातीत घातल्या याचा हिशेब मी मांडत बसलो होतो. मग म्हटलं, तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं, जाऊ दे.

तर गेल्या महिन्यात वाशीच्या एका दवाखान्यात उरणच्या शरीफाताई बाळंत झाल्या. मॅडमनी त्यांना आधीच सगळं समजावून सही घेतली होती. मी डबा घेऊन निघालो तर त्यांनी दारातून हाक मारली. "भाऊ, हे तेच ना, जे फेकून देतात?" म्हटलं, तेच. "मग न्या. पण उगवलं तर सांगायला या. नाही उगवलं तरी या. माझ्या पोराचं आहे ते."

मॅडमनी बजावलं होतं, डबा हिंदकळू द्यायचा नाही, तापू द्यायचा नाही, उशीर करायचा नाही. आणि तुर्भ्याच्या मार्केटपाशी कांद्याचा ट्रक आडवा झाला! पुढं ट्रक, मागं ट्रक, मध्ये मी, वर ऑक्टोबरचं ऊन. तासभर डबा मांडीवर धरून बसलो. इतक्यात आपल्या आळीतला शहाजी दिसला, तो तिथं माथाडी आहे. "काय हाय रं डब्यात?" म्हणाला. म्हटलं, रक्ताचं बियाणं. "किती किलो?" पाव किलोसुद्धा नाही म्हटल्यावर तो पोट धरून हसला. मग मी त्याला सगळं सांगितलं आणि त्याचं हसू गेलं. त्यानं डोक्यावरची चुंबळ नीट केली आणि डबा मागितला. गाडी तिथंच सोडून (त्याबद्दल पोलीस जे बोलले ते वडीलधाऱ्यांना लिहिण्यासारखं नाही) मी त्याच्या मागं निघालो. आत्या, शंभर किलोची गोणी घेऊन पळणारा गडी, पण काठोकाठ भरलेली घागर घेतल्यासारखा चालत होता. तोंडानं एकच आरोळी, "बाजूला व्हा, लेकरू हाय!" आणि कांद्याबटाट्याचं अख्खं मार्केट बाजूला होत होतं.

तरी पोचायला दोन तास उशीर झालाच. मॅडमनी घड्याळाकडं पाहिलं, डबा घेतला आणि तडक आत गेल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. रक्तातलं बियाणं निवडून त्यांनी खुराकाच्या दाट पाकात पेरलं आणि आईच्या अंगाएवढी ऊब राखणाऱ्या कपाटात ताटल्या ठेवल्या. पुढं चौदा दिवस. मी रोज काचेतून त्या कपाटाकडं बघायचो आणि उरणला जाऊन काय तोंड दाखवू याची जुळवाजुळव करायचो.

आठ तारखेला मॅडमनी आत बोलावलं. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, तर काळ्या काळ्या काड्या दिसल्या. मी हात जोडले. "हौसेराव," मॅडम म्हणाल्या, "त्या तुमच्या पापण्या आहेत. जरा मागं व्हा." मागं झालो, आणि मग दिसलं. द्राक्षांसारखे बारके घोस, तांबूस. एकेका घोसाच्या जागी चौदा दिवसांपूर्वी एकच दाणा होता म्हणे. बाळ तिकडं उरणला आईच्या कुशीत, आणि इकडं ताटलीत, ना आई, ना हाड, ना अंग, त्याचं रक्त लाल व्हायला शिकलं होतं. मी विचारलं, "मॅडम, लाल व्हायचं हे त्याला कोण सांगतं?" त्या म्हणाल्या, "थोडं कळलंय. पुष्कळ अजून आम्हालाही कळलेलं नाही." एवढी शिकलेली बाई इतक्या साधेपणानं असं बोलली, की मी पुन्हा एकदा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. औषध म्हणून द्यायला अजून वर्षं लागतील, हेही त्यांनी बजावलं.

दुसऱ्या दिवशी उरणला गेलो. शरीफाताईंनी सगळं ऐकलं, पोराकडं टक लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "इकडे मला क्षणभर झोपू देत नाही, आणि तिकडेपण वाढतोय?" हसता हसता त्यांनी डोळ्यांना पदर लावला. मीही तोंड फिरवून समुद्र बघितला.

असो. थोरांच्या पायांना, लहानांच्या गालांना आणि म्हशीच्या पाठीला माझा हात लागला असं समजा.

तुमचा,
हौसेराव

ता. क. मुख्य सांगायचं राहिलं. मीनाला आठवा लागला. बाळंतपण वाशीच्या दवाखान्यात करून वारेतलं रक्त मॅडमना द्यावं, असा माझा विचार आहे. पण मीना फार घाबरते. "राहीआत्या आल्या तरच दवाखान्याची पायरी चढेन," म्हणते. तेव्हा तिच्याखातर तरी यावं.

ता. क. दुसरा. आत्या, मी मीना. पत्र टाकायला माझ्याकडंच दिलं, म्हणून वाचलं. मी अजिबात घाबरलेली नाही. फॉर्मवर सहीसुद्धा करून आले. परवा नर्सनं माझ्या दंडात सुई टोचली तेव्हा हेच बाकावरून खाली घसरले. माझं मी बघेन. ह्यांना धरायला कुणीतरी पाहिजे, तेवढ्यासाठी या.